झाडीपट्टीतल्या विनोदी नटानं सरपंचपदाला उभं राहावं का?

बांधीवरचा (नागभीड तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या गावात सध्या एका प्रश्नावरून दोन तट पडले आहेत, म्हणून तो इथं मांडतो. लोकांना हसवणाऱ्या माणसानं निवडणुकीला उभं राहावं का?

गावचा एक नट आहे, झाडीपट्टी रंगभूमीवर (म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांत) विनोदी भूमिका करणारा. नाव लिहीत नाही, पण त्याला विचारूनच हे लिहितो आहे. भाऊबीज झाली की हंगाम लागतो आणि तो वडशाच्या नाटक कंपनीबरोबर निघतो. आज सिंदेवाहीकडे, उद्या आरमोरीकडे, परवा भंडाऱ्यात. रात्रभर नाटक आणि पहाटे गाडीत झोप. पोस्टरवर नायकापेक्षा त्याचा फोटो मोठा छापतात, कारण तिकीट त्याच्या नावावर खपतं. पुढच्या ग्रामपंचायत निवडणुकीत त्यानं सरपंचपदाला उभं राहावं असा तरुण पोरांचा धोशा आहे. सरपंच आता थेट मतदारांतून निवडला जातो, त्यामुळे सदस्यांची जमवाजमव करायची गरज नाही. तो उभा राहिला तर पडणार नाही, हे विरोधकही कबूल करतात.

माझं मत मात्र विरोधात आहे, आणि ते त्याच्यावरच्या प्रेमापोटीच.

ज्यांनी आमच्याकडचं नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पडदा उघडण्याआधी उद्घाटनाचा कार्यक्रम असतो. पत्रिकेवर उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, विशेष अतिथी, प्रमुख पाहुणे अशी नावांची रांग लागते. सगळ्या पक्षांचे पुढारी येतात, मंडळाला देणगी जाहीर करतात, भाषण करतात आणि समोरच्या सोफ्यावर बसतात. मग तासाभरानं आमचा गडी धोतर खोचत प्रवेश करतो आणि थेट सोफ्याकडे पाहून विचारतो (पट म्हणजे बैलांच्या शर्यती), "का जी साहेब, मागच्या पटाले तुमी याच जागेवर रस्ता सांगतला होता, तो कोन्या गावाले निंगून गेला?" अख्खा मांडव हसतो. साहेबही हसतात, त्यांना हसावंच लागतं. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर तोच विषय असतो, आणि कधीकधी त्या रस्त्यावर खरंच मुरूम पडतो.

हे बोलायला गावात दुसरी जागा नाही. ग्रामसभेत असं विचारणारा माणूस वर्षभर चार लोकांच्या डोळ्यात खुपतो. नटाला विचारायची मुभा आहे, कारण त्याला कोणाकडून काही मागायचं नसतं. तो मत मागायला दारात आला की ती मुभा संपली. आणि तो स्वतःच सोफ्यावर जाऊन बसला, तर रंगमंचावरून विचारणार कोण?

तुमचं मत सांगा. पंजाबपासून युक्रेनपर्यंत उदाहरणं आहेत, तीही येऊ द्या.

वऱ्हाडी ठेचा (दर्यापूर)

राहू द्या नं भाऊ उभं त्याले. आजवर जे निवडून आले त्याईनं रडवलंच हाय आपल्याले. एखांद्या पंचवार्षिकीत हासून पाहू.

पुण्यातला यवतमाळी

मी बांधीवरच्यांशी असहमत आहे. पंजाबचं उदाहरण तुम्हीच काढलं, तर ते नीट पाहू. टीव्हीवरच्या एका विनोदाच्या स्पर्धेत भगवंत मान स्पर्धक होते आणि नवज्योतसिंग सिद्धू परीक्षक. २०२२ मध्ये आम आदमी पक्षाला ११७ पैकी ९२ जागा मिळाल्या, मान मुख्यमंत्री झाले आणि तेव्हा प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष असलेले सिद्धू अमृतसर पूर्वमधून पडले. परीक्षक घरी आणि स्पर्धक मुख्यमंत्री!

पण हे एका रात्रीत झालेलं नाही. मान २०११ मध्ये मनप्रीत बादल यांच्या पक्षात आले. २०१२ मध्ये विधानसभेला उभे राहिले आणि हरले. मग २०१४ आणि २०१९ मध्ये संगरूरचे खासदार झाले. म्हणजे विनोद सोडून दहा-अकरा वर्षं घासली तेव्हा ती खुर्ची आली. तुमच्या नटालाही घासू द्या. सरपंचपद हीच तर शिकायची पहिली पायरी आहे. वकील, कंत्राटदार, सावकार उभे राहिलेले चालतात, मग नटानंच काय घोडं मारलंय?

कापूसकोंड्या (आर्वी)

यवतमाळीभाऊ, नाण्याची दुसरी बाजू तमिळनाडूत पाहा. २०११ च्या निवडणुकीत वडिवेलू हा तिथला सर्वांत लाडका विनोदी नट द्रमुकच्या प्रचाराला उतरला. रोख सगळा विरोधातल्या विजयकांत या नट-पुढाऱ्यावर. सभांना तुफान गर्दी आणि लोक पोट धरून हसायचे. निकालात द्रमुक २३ जागांवर आला, विजयकांत यांच्या पक्षाला २९ मिळाल्या आणि ते विरोधी पक्षनेते झाले. त्यानंतर वडिवेलूला कितीतरी वर्षं सिनेमात धड काम मिळालं नाही.

गर्दी हसायला येते. ती मत देईलच असं नाही, आणि आपण हरलो तर आपल्या पोटापाण्याचं काय, हाही विचार नटानं करावा. झाडीपट्टीत वर्षाची कमाई पाच महिन्यांत करायची असते. ज्या गावात विरोधी पॅनलची माणसं नाटक मंडळात आहेत तिथं त्याला पुढच्या वर्षी कोण बोलावणार?

बांधीवरचा

कापूसकोंड्याभाऊ, हा मुद्दा फार खरा आहे. आमच्या भागात मंडळं गटागटांची असतात. एकाच गावात एकाच रात्री दोन मंडळांची दोन नाटकंही होतात. आज तो दोन्ही मांडवांत चालतो.

निमाताई (आरमोरी)

सगळे भाऊ भगवंत मानांपर्यंत जाऊन आले, पण मूळ गोष्ट कोणी विचारली नाही. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत झाली का? महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांच्या आहेत. पद महिलेसाठी निघालं तर काय करणार? त्याच्या बायकोला उभं करून हा सोफ्यावर बसणार? मग गावाला मिळणार सरपंचपती, आणि ते आपण सगळे पाहूनच आहोत.

दुसरं म्हणजे १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं लेकरू झालं असेल तर अर्जच बाद होतो. घरी शौचालय आणि त्याचा वापर, हेही लागतं. पोरांना म्हणावं, आधी कागद पाहा, मग बॅनर लावा.

आणि तिसरं मनापासून सांगते. मी झाडीपट्टीत काम केलेलं नाही, पण माझी आतेबहीण करायची. नाटकातल्या नट्या त्याच मांडवात, त्याच थंडीत, पहाटेपर्यंत उभ्या असतात. लेकरू नातेवाइकांकडे ठेवून पाच महिने फिरतात. त्यांनाही गावोगावचं सगळं कळतं. त्यांच्यापैकी कोणाला "ताई, तुम्ही सरपंच व्हा" असं म्हणणारं गाव मी अजून पाहिलं नाही. विनोदी नट गावाचा लाडका, आणि नटीकडे मात्र लोक वेगळ्या नजरेनं पाहतात. आधी यावर बोला.

पुण्यातला यवतमाळी

निमाताई, तिसऱ्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. शंभर टक्के सहमत.

हिंगणघाटची लेक

मी हिंगणघाटची, नोकरीमुळे इटलीत बोलोन्या शहरात राहते. विनोदी माणूस राजकारणात आला की काय होतं, हे या देशानं पुरेपूर अनुभवलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बेप्पे ग्रिलो हे इथले टीव्हीवरचे गाजलेले विनोदवीर. १९८६ मध्ये त्यांनी तेव्हाचे पंतप्रधान क्राक्सी यांच्या समाजवादी पक्षावर चोरीमारीचा विनोद केला आणि सरकारी टीव्हीचे दरवाजे त्यांना बंद झाले. मग ते नाट्यगृहं भरवू लागले. २००५ पासून इंटरनेटवर रोज लिहू लागले आणि वाचणारे लाखांत गेले. ८ सप्टेंबर २००७ ला आमच्याच बोलोन्याच्या मोठ्या चौकात त्यांनी सभा घेतली. शिक्षा झालेल्या माणसानं संसदेत बसू नये, या मागणीसाठी देशभर सह्या गोळा झाल्या. २००९ मध्ये पक्ष निघाला. २०१३ मध्ये पहिल्याच लोकसभेला सुमारे पाव मतं मिळाली आणि २०१८ मध्ये जवळजवळ एक तृतीयांश. सगळ्यांत मोठा पक्ष ठरला आणि सत्तेत बसला. ग्रिलो स्वतः मात्र उभे राहिले नाहीत. एका जुन्या मोटार अपघाताच्या खटल्यात त्यांना शिक्षा झालेली होती आणि नियम त्यांचाच होता. पंतप्रधान झाले कायद्याचे प्राध्यापक जुझेप्पे कोंते.

पुढं काय झालं? तोच पक्ष आधी उजव्यांबरोबर सत्तेत गेला, मग डाव्यांबरोबर, मग सगळ्यांबरोबर. २०२२ ला मतं पंधरा टक्क्यांवर आली. २०२४ मध्ये पक्षाच्या सदस्यांनी मतदान करून ग्रिलो यांचं पदच काढून टाकलं.

मला यात वाचकांची गोष्ट महत्त्वाची वाटते. ग्रिलोंना वाचणारा प्रत्येक जण आपापला राग घेऊन येत होता. कोणाला कचऱ्याचा प्रश्न, कोणाला बँकांचा, कोणाला पाण्याचा. रोज सकाळी वाचायचं, हसायचं, चिडायचं. त्यामुळे सगळ्यांना वाटलं, आपण एक आहोत. निर्णय घ्यायची वेळ आली तेव्हा कळलं की एकत्र हसलेली माणसं एका मताची नव्हती. रेल्वेचा बोगदा हवा की नको, बाहेरून येणाऱ्यांना घ्यायचं की नाही, यावर त्यांचं आपसांत कधी बोलणंच झालं नव्हतं.

मी बाहेर राहून गावाबद्दल लिहिते तेव्हा पुण्या-मुंबईचे, अमेरिकेचे लोक भरभरून दाद देतात. माझ्या गावातले मात्र फारच थोडे ते वाचतात. म्हणून बांधीवरच्यांना विचारते, तुमच्या नटाला हसणारे लोक दहा तालुक्यांतले आहेत. त्याच्या स्वतःच्या गावातले लोक त्याच्याशी नळाच्या पाइपबद्दल कधी बोललेत का?

कापूसकोंड्या

ताई, फार चांगलं लिहिलंत. सरकारी टीव्हीनं बंदी घातली आणि त्यातून पक्ष उभा राहिला, हे आपल्याकडच्या साहेब लोकांनी वाचावं.

मास्तर (वरोरा)

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो, म्हणून दोन देश जोडतो.

पहिला ग्वाटेमाला. जिमी मोरालेस हे तिथले टीव्हीवरचे विनोदी नट. भ्रष्टाचाराच्या प्रकरणात राष्ट्राध्यक्षाला राजीनामा द्यावा लागला, लोक संतापले होते आणि २०१५ मध्ये हे "भ्रष्टही नाही, चोरही नाही" अशी घोषणा देऊन निवडून आले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळावर चालणारा भ्रष्टाचारविरोधी आयोग त्यांच्याच प्रचाराच्या पैशाकडे वळला आणि २०१९ मध्ये त्यांनी तो आयोगच देशाबाहेर घालवला. नवा चेहरा असणं म्हणजे स्वच्छ असणं नव्हे.

दुसरा आइसलँड. २००८ मध्ये तिथल्या बँका बुडाल्या. २०१० मध्ये योन ग्नार नावाच्या विनोदी नटानं राजधानी रेक्याविकच्या निवडणुकीत पक्ष काढला. आश्वासनं काय, तर पोहण्याच्या तलावावर फुकट टॉवेल आणि प्राणिसंग्रहालयात पांढरं अस्वल. १५ पैकी ६ जागा आल्या आणि ते महापौर झाले. आता ऐका. शहराची वीज-पाण्याची कंपनी कर्जात बुडालेली होती. दर वाढवणं, माणसं कमी करणं ही कडू कामं त्यांच्या काळात झाली. चार वर्षं पूर्ण केली आणि २०१४ ला पुन्हा उभे राहिले नाहीत.

त्यामुळे हसवणारा माणूस गंभीर काम करू शकत नाही, हे मला मान्य नाही. पाहायचं ते एवढंच की हिशेब कडू निघाला तर तो लोकांना तोंडावर सांगायची त्याची तयारी आहे का.

वऱ्हाडी ठेचा

मास्तर, तुमचं वाचून पोळ्याची झडती (बैलाईपुढं म्हनतात ते टोमन्याचं गानं) सुचली, आत्ताच जुळवली:

आड्यावर आडा, आड्याले भोक,
मतं मागाले आले हासवनारे लोक,
हासलो आमी लय, पन मोटर नाही चालली,
ईज येते रातच्यानं, हरभऱ्याची घाटी वाळली!
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

पुण्यातला यवतमाळी

वा! ठेचाभाऊ, डोळ्यांसमोर आखर (पोळा भरायची जागा) आला. बैल तोरणाखाली उभे, आणि एकेक जण पुढं येऊन झडती फेकतोय. माझे आजोबा पाटलाच्या देखत पाटलावर झडती म्हणायचे आणि पाटील त्यांना गुळाचा खडा द्यायचे. दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा वेशीबाहेर नेणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक. नागपूरची काळी-पिवळी मारबत आणि बडगे सगळ्यांना माहीत आहेत, पण आमच्या गावातही सकाळी पोरं "घेऊन जा गे मारबत" करत वेशीपर्यंत जायची, आणि त्यात महागाईपासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार व्हायचा.

बांधीवरच्यांचा मुद्दा मला आता जास्त कळतोय. वर्षातून एक दिवस तोंडावर बोलायची मुभा आपल्या जुन्या माणसांनी जपून ठेवली होती.

सिंदेवाहीचा प्रेक्षक

माझं मत वेगळं आहे. झाडीपट्टीतल्या विनोदाचं तुम्ही फार कौतुक करताय. अलीकडे कितीतरी नाटकांत विनोद म्हणजे द्व्यर्थी बोलणं आणि नायिकेच्या अंगावर टोमणे. बायका-पोरींना घेऊन बसायची सोय नाही. सोफ्यावरच्या पुढाऱ्याला प्रश्न विचारणारे नट मोजके. बाकीचे त्याच पुढाऱ्याचं नाव घेऊन स्तुती करतात आणि बक्षिसाची नोट घेतात. हाही झाडीपट्टीचाच भाग आहे.

निमाताई

प्रेक्षकभाऊंचं म्हणणं रास्त आहे. पण सगळ्यांना एका मापानं मोजू नका. परशुराम खुणे यांनी आयुष्यभर याच रंगभूमीवर लोकांना हसवलं आणि दारू, अंधश्रद्धा यांवरही बोलले. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या जिल्ह्यात प्रत्येकाला आपल्याच घरात पदक आल्यासारखं वाटलं. तो मान त्यांना रंगभूमीवरच्या कामासाठी मिळाला, हेही लक्षात घ्या.

मास्तर

आणि गाडगेबाबा? अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा माणूस, शाळेचं तोंड न पाहिलेला. कीर्तनात प्रश्न विचारत विचारत लोकांना हसवायचे आणि त्याच हसण्यात देवापुढं बोकड कापणाऱ्याला, कर्ज काढून लग्न करणाऱ्याला उघडं पाडायचे. धर्मशाळा, शाळा, सदावर्तं उभी केली. १९५६ मध्ये गेले. पद मागितलं नाही, पण मोठमोठी माणसंही त्यांना मान देत. ही परंपरा आपल्या मातीतली आहे.

तेंदूपत्ता (धानोरा)

विषय थोडा बाजूला नेतो, पण हिंगणघाटच्या ताईंच्या वाचकांच्या मुद्द्याशी तो जोडलेला आहे.

आमच्या तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा सगळ्यांनी ऐकली असेल. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबू वाहतुकीचे परवाने द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हातात दिला. लोकांना ही घोषणा आणि हा समारंभ आठवतो. त्याच्या मागं काय होतं ते कमी लोकांना माहीत आहे. तिथं अभ्यासगट होता. मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांच्या पुढाकारानं गावातली माणसं एकत्र बसून कायदा वाचायची. एक वाचणार, बाकीचे ऐकणार, मग त्यावर बोलणार. ज्याला अक्षर येत नाही तोही त्या वाचनात होता. निर्णय बहुमतानं घेत नाहीत, सगळ्यांचं पटेपर्यंत बसतात.

तिथं कोणी मोठा वक्ता नव्हता आणि कोणाला हसवायचं कामही नव्हतं. गावानं मिळून वाचलं, एवढंच. माझ्या मते सरपंच नट आहे की मास्तर आहे, यानं फार फरक पडत नाही. गावात कागद वाचले जातात का, यानं पडतो.

रोकडवही

निवृत्त ग्रामसेवक आहे, चार तालुक्यांत नोकरी झाली. तेंदूपत्ताभाऊंनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं.

ग्रामपंचायतीत नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक आणि नमुना ५ म्हणजे रोकडवही. गावचा कारभार कळायला सुरुवातीला हे दोन पुरेत. मी स्वतः ग्रामसभेत अंदाजपत्रक वाचून दाखवायचो. कसं वाचायचो? मान खाली घालून, भराभर, शीर्ष आणि रक्कम, शीर्ष आणि रक्कम. तिसऱ्या ओळीला लोक तंबाखू मळायला लागत. आमच्या खात्यात सगळे असंच वाचतात, कारण सगळ्यांना सही घेऊन मोकळं व्हायचं असतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ग्रामसभा होतात. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते लागतात. तेवढीही जमत नाहीत. सभा तहकूब होते आणि मग पाच-पंचवीस माणसांत ठराव मंजूर.

आणि तुमचा नट हजारो माणसं थंडीत पहाटेपर्यंत बसवून ठेवतो!

एक सूचना करतो. निवडणूक लांब आहे. गावानं लेखी मागणी करून नमुना १ आणि ५ च्या नकला घ्याव्यात, आणि ग्रामसभेत ते त्या नटानं वाचून दाखवावेत. नागरिक म्हणून. कायद्यानं त्याला कोणी अडवू शकत नाही. कुठल्या गल्लीच्या नालीवर किती खर्च झाला, हे त्यानं त्याच्या आवाजात वाचलं तर लोक ऐकतील. इ-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर खर्चाच्या नोंदी असतात, त्याही मोबाईलवर काढून जुळवून पाहता येतात.

वऱ्हाडी ठेचा

रोकडवही काका, पायाची धूळ द्या!

कापूसकोंड्या

नालीचा खर्च वाचून दाखवला की ठेकेदार नाटक मंडळाची देणगी बंद करणार, हे लिहून ठेवा. तरी करा. हे करण्यासारखं आहे.

हिंगणघाटची लेक

इथं ग्रिलोंच्या सभेत लाखो लोकांनी सह्या केल्या, पण आपल्या नगरपालिकेचा खर्च असा उभं राहून वाचणारं मी कोणी पाहिलं नाही. काकांची सूचना मला फार मोलाची वाटते.

पुण्यातला यवतमाळी

युक्रेनच्या झेलेन्स्कींबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. टीव्हीवर त्यांनी राष्ट्राध्यक्ष झालेल्या इतिहासाच्या शिक्षकाचं काम केलं आणि २०१९ मध्ये ७३ टक्के मतं घेऊन खरोखर राष्ट्राध्यक्ष झाले. २०२२ मध्ये युद्ध अंगावर आलं तेव्हा हा नट पळून जाईल असं पुष्कळांना वाटलं होतं. राजधानीच्या रस्त्यावर उभं राहून त्यांनी "आम्ही इथंच आहोत" असा व्हिडिओ टाकला. माणूस कसा आहे हे प्रसंग आल्यावर दिसतं, म्हणून मी अजूनही म्हणेन, त्याला उभं राहू द्या.

सिंदेवाहीचा प्रेक्षक

युक्रेन राहू द्या. बांधीवरचेभाऊ, तो नट स्वतः काय म्हणतो? एवढी चर्चा झाली, त्याला विचारलं का?

बांधीवरचा

विचारलं. काल तो मूल गावाकडच्या प्रयोगाहून सकाळी परतला. चहा पीत पीत त्याला हा सगळा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. ठेचाभाऊंच्या झडतीला तो इतका हसला की ती आज रात्रीच्या प्रवेशात घालणार म्हणतो, तुमची हरकत नसेल तर.

निमाताईंचा मुद्दा ऐकून गप्प बसला. मग म्हणाला, "आमच्या कंपनीतली जी नटी आहे नं जी, तिले हिशेब माह्यापेक्षा चांगला समजते. कंपनीचा गल्ला तीच सांभाळते."

उभं राहण्याबद्दल त्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. सोडत झाल्याशिवाय बोलत नाही म्हणतो. रोकडवही काकांची सूचना मात्र त्याला एकदम पटली. म्हणाला, "सोफा पुढंचा पुढं. वही आन जी, वाचून दाखवतो. नाटकात पाठीमागून प्रॉम्टर सांगते, इथं कागदच हातात हाये, मंग भेव कायचा?" त्यानं नाटक मंडळाच्या तीन पोरांना कामाला लावलं आहे. नकलेचा अर्ज सोमवारी देणार.

माझं मत अजून तेच आहे. त्यानं उभं राहू नये असं मला वाटतं. पोरांचंही तेच आहे, उभं राहावं. पण २६ जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत बॅनर लावायचे नाहीत, असं दोन्ही बाजूंनी कबूल केलं आहे.

वऱ्हाडी ठेचा

झडती खुशाल घाला भाऊ. फक्त "हरभऱ्याची घाटी" तुमच्याकडं चालनार नाही, तिथं "धानाची लोंबी" करा.

रोकडवही

अर्जावर पोच घ्यायला विसरू नका, तारीख आणि शिक्क्यासह. नमुना ५ मागताना मागच्या एप्रिलपासून आतापर्यंतचा मागा, नाहीतर एकाच महिन्याचं पान हातात ठेवतील. आणि वाचण्याआधी त्याला म्हणावं, एकदा माझ्याशी फोनवर बोल. कुठली रक्कम कशातून आली हे समजून वाचलं तर कोणी मध्येच अडवलं तरी तो अडणार नाही.

निमाताई

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, तो नियमच आहे. वाचन तिथूनच सुरू करा. मोठ्या सभेत पुरुष पुढं बसतात आणि बायका दारापाशी उभ्या राहतात, अर्धं ऐकूच येत नाही. आणि तिथं वाचायला त्या गल्ला सांभाळणाऱ्या ताईंना बोलवा. त्या दिवशी प्रयोग लांब नसेल तर मी आरमोरीहून ऐकायला येते, आणखी दोघी-तिघींना घेऊन.